अधोली

चौदा जानेवारीला आमच्या जिन्यात
वरच्या मजल्यावरून तिळगूळ उतरतो.
आम्ही घेतो, गोडही बोलतो,
मग दार लोटून
माळ्यावरची अधोली खाली काढतो.

लोखंडी. एका अंगानं चेपलेली.
चिंचेनं घासली तरी काळी ती काळीच.
संबोधी लहानपणी तिला टोपी करून मिरवायची.
आता अकराची झाली.
शाळेत ‘घरातली जुनी वस्तू’ न्यायची होती,
हिलाच नेते म्हणाली.
मी नको म्हणाले,
आणि रात्रभर विचार करत राहिले, का नको.

माझ्या आज्यानं ही वसमतच्या बाजारातून आणली.
मालकाच्या खळ्यावरनं मजुरीची ज्वारी आणायचा
अन् घरी परत मोजायचा.
दर पायलीमागं ओंजळभर कमी.
लिहिता येत नव्हतं,
कुडावर कोळशानं रेघा मारायचा:
एक रेघ, एक ओंजळ येणं.
आमच्या घराण्यातली पहिली वही
म्हणजे तो कूड.

अठ्ठ्याहत्तरला, आषाढ सरता सरता,
कूड जळाला, रेघा जळाल्या.
विद्यापीठाला एक नाव द्यायचं ठरलं होतं,
एवढंच.
(लेकरं इथं दरवर्षी अडतात: नुसत्या नावासाठी?
हो. तुझ्या वहीवरचं नाव खोडू का, बघू?)
आढं कोसळलं ते नेमकं अधोलीवर.
अण्णा म्हणायचे,
गावात एकच माप खरं होतं,
तेही जाळून खोटं केलं.

आता तिच्यात मूठभर कमी बसतं.
म्हणून आमच्यात अशी रीत:
अधोली भरायची, परातीत ओतायची,
वर एक मूठ हातानं घालायची
गल्लीतल्या एका घराचं नाव घेऊन.
सात घरं, सात अधोल्या.

गयाबाईची मूठ. तीन रात्री उसात काढल्या,
लेकराच्या तोंडावर हात ठेवून.
मसाजीची मूठ. मोर्चात गेला, आत गेला,
बाहेर आला तो सही शिकून.
धुरपदाची मूठ.
तिचं काय झालं ते अण्णांनी कधी सांगितलं नाही.
नुसती मूठ घालायचे,
जरा मोठी.

सोळा वर्षांनी, याच तारखेला, नाव लागलं.
पुढच्या साली अण्णा टेम्पोत उभ्यानं
विद्यापीठाच्या कमानीपर्यंत गेले,
दगडाला हात लावून आले,
आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाले,
माप काढा.

यंदा अश्वजितची पहिली पाळी. सहा वर्षांचा.
मूठ परातीवर तशीच धरून त्यानं विचारलं,
जाळलं कुणी?

अण्णांचा नियम आहे:
विचारलं तर सांगायचं,
पण ती नावं मुठीत घ्यायची नाहीत.
मी सांगितलं. दोन आडनावं.
त्यातलं एक त्याच्या बाकावर बसतं.
तो बराच वेळ दाण्यांकडं बघत राहिला.
मग म्हणाला, पण तो तर मला डब्यातलं देतो.
देतो ना, मी म्हणाले. तेही खरंय.
पुढं काय बोलावं ते मला सुचलं नाही.
संबोधीनं परात जरा त्याच्याकडं सरकवली.

सातवी मूठ पडली.
मी अधोली पुसायला घेतली, तर हा म्हणाला,
आणि शेळी?
कोणती रे?
दाव्याला बांधलेली. सोडायची राहून गेली.
आजोबांनी सांगितलंय मला.

मला नव्हतं सांगितलं.
चाळीस वर्षं त्यांच्या घरात, त्यांच्या ताटाशी बसून
मला नव्हतं सांगितलं.

शेळी घर नसते, संबोधी पुटपुटली,
पण तिनंच मग त्याची इवलीशी मूठ
आपल्या हातानं भरून दिली.

खाली गिरणीवाल्यानं विचारलं, किती आहे?
सात अधोल्या, आठ मुठी, पोरीनं सांगितलं.
काट्यावर ठेव, तो म्हणाला.
पिशवी ठेवली. लाल आकडे हलले, थांबले.
अश्वजित टाचा उंचावून बघत होता,
त्यात त्याची शेळी
आली का नाही.